चॉक काढू?

आबा, हैदराबादच्या विमानतळावरची फिटरची नोकरी सोडून तुम्ही येरमाळ्याला आलात, तेव्हा हत्यारांच्या पेटीत नट आवळायचे चार पाने आणि तोंडात तिथले शब्द, एवढंच घेऊन आलात. मॅग्नेटो, काउलिंग, लॉकवायर, चॉक. अडतवाल्याच्या मोडक्या लॉरीवर ड्रायव्हर झालात तरी बोनेटला काउलिंगच म्हणायचात. "इमानातून उतरला अन् लॉरीखाली शिरला," म्हणून लोक हसायचे, आणि तुम्हीही हसायचात. लॉरीचा सेल्फ मेलेला, म्हणून ती आपल्या गल्लीच्या वरच्या तोंडाला उतारावर उभी असायची. चाकाखालची लाकडी पाचर काढली की गडगडत खाली येताना चालू व्हायची. त्या पाचरीला तुम्ही चॉक म्हणायचात. तिला बांधलेली दोरी ओढायचं काम माझं.

एकदा "चॉक काढ" म्हणालात आणि मी लगेच दोरी ओढली. तुम्ही लॉरी थांबवून उतरलात आणि माझ्या कानाखाली जाळ काढलात. "ऐकलेला शब्द आधी परत म्हनायचा. समोरचा व्हय म्हनला तरच हात लावायचा. सांगनाऱ्याला शब्द मागं घ्यायला येळ मिळतो." मग जेवताना तुम्ही विमानतळावरच्या एका जोडीदाराची गोष्ट सांगितलीत. त्यानं "स्विच बंद?" असं परत न विचारताच विमानाच्या पंख्याला हात घातला होता, आणि स्विच चालू होता. त्याचा हात तुम्ही गवतातून उचलून आणलात; बोटातली अंगठी तशीच होती. माय म्हणाली, "पोरीला जेवताना कशाला सांगताव असलं?" तुम्ही भाकरी मोडत राहिलात. मी मात्र उठून बाहेर जाऊन ओकले.

निजामी जाऊ-जाऊ करत होती त्या वर्षी भाले-बंदुका घेतलेली टोळकी गावं लुटत, जाळत फिरत होती. आपल्याकडे ती भर दुपारी आली. माय आणि गल्लीतल्या बायका लेकरं घेऊन आपल्या खोलीत कडी लावून बसलेल्या. मी लॉरीमागं लपलेली. तुम्हाला दारासमोर गुडघ्यांवर बसवलंय. "दार उघडाय लाव," एकजण म्हणतो. तुम्ही म्हणता, "न्हाय." तुमचा उजवा हात पायरीवर धरून ते बंदुकीच्या दस्त्यानं एकेक बोट ठेचतात, आणि दर बोटाला तुम्ही न्हायच म्हणता. मग कुणीतरी दारावर रॉकेल ओततो. आतून लेकरांचं रडणं ऐकू येतंय. गल्ली अरुंद, ते सगळे तुमच्याभोवती दाटीनं उभे, आणि वर, नाकासमोर, ज्वारीच्या पोत्यांनी भरलेली लॉरी. काडी पेटली तेव्हा तुम्ही मान वर करून ओरडलात, "चॉक काढ!"

त्यांना वाटलं, कळ सोसेना म्हणून बरळतोय. एकजण हसलासुद्धा. मी ओरडले, "चॉक काढू?" तुम्ही म्हणालात, "काढ, पोरी."

मी दोरी ओढली. लॉरी आधी कुरकुरली, मग सुटली. ओले बांबू मोडावेत तसा आवाज झाला, आणि नंतर बराच वेळ कुणीतरी पाणी मागत होतं. मी दिलं नाही. उरलेले पळाले. दार जळलं नाही. आतल्या सगळ्या बायका, लेकरं जिवंत बाहेर आली. मायनं तुम्हाला सदऱ्यावरून ओळखलं. ती किंचाळली नाही, नुसती तुमच्या ठेचलेल्या हातावर पदर टाकून बसली.

आतल्या बायकांनी आपलं दोघांचं बोलणं ऐकलं होतं. त्यातली एक अजून आहे. परवाही ती माझ्या सुनेला सांगत होती, "काय धीराची पोर! असल्या वक्ताला सुदिक बापाची शिकवण मोडली न्हाय." मी मान डोलावली. तुमचाही तोच समज झाला असेल, आणि तो घेऊनच गेला असाल. माझा राग मात्र अजून जात नाही, आबा. हाक मारायला तुम्हाला मीच सापडले. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, सुनेला तर नाहीच. त्या घडीला मला तुमचा नियमबियम काही आठवला नव्हता. तुम्ही नको म्हणावं म्हणून मी विचारलं होतं. म्हणाला असतात तर मी दोरी सोडून दिली असती, माय आत होती तरी.