जावयांची गाडी आणि पालथा हात

दादा, परवाच्या रविवारी जावई परभणीहून गाडी घेऊन दारात आले आणि त्या गाडीला काय बसवायचं, काय नाही, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या पूर्णेत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कोळशाच्या इंजिनावर बापानं लेकाला जे शिकवलं त्याचा मोटारीशी काय संबंध, असं कुणीही विचारील. तरी लिहितो. मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलतो, पण कागदावर हे पहिल्यांदाच, आणि तेही रिटायर होऊन माझे केस पांढरे झाल्यावर.

जावई फिजिक्सचे क्लास घेतात. माणूस हुशार, मनानं निर्मळ, पण गाडी म्हटली की पोरासारखा. हैदराबादेहून कुणाची तरी वापरलेली गाडी आणली. दिसायला साधी, पांढरी. बॉनेट उघडलं तर आत इंजिनाला चिकटून एक जादा यंत्र, पट्ट्यावर गरगर फिरणारं. सुपरचार्जर म्हणतात त्याला. लोहाराच्या भात्याचा भाऊच समजा. इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, हवेबरोबर पेट्रोलही जास्त जाळायचं, की ताकद वाढते. पण एवढ्यानं जावयांचं समाधान नव्हतं. मोबाइलात भली मोठी यादी केलेली. त्या यंत्राची पुली लहान करायची, म्हणजे ते आणखी जोरात फिरेल. धुराचा पाइप रुंद करायचा, म्हणजे आवाज घुमेल. हवा थंड करणारी जाळी, मोठा क्लच, पेट्रोलचा मोठा पंप, डिकीवर पंखासारखी पट्टी, आणि सगळ्यात खाली, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे, ब्रेक.

"मामा, समदं एकदम न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "तुमी जिंदगी इंजिनात काढलीत. आधी काय करू ते तुमी सांगा."

माझी लेक आधीच रेल्वेनं येऊन ओट्याशी भाकरी थापत होती. तिथूनच बोलली, "बाबा, मी आधीच सांगून ठेवते. दिवाळीत ह्या गाडीत मी अन् माझी पोरगी तिरुपतीला जाणार हाव. तुमी 'चालतंय' म्हणलात तरच मी आत पाय ठेवणार. ह्यांच्यावर माझा भरवसा न्हाई."

"बघा मामा! लग्नाला अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं झाली म्हणूनच न्हाई."

सगळे हसले, मीही हसलो. पण 'तुमी म्हणलात तरच' हे ऐकताना घास तोंडात फिरायला लागला. माझ्या शब्दावर विसंबून गाडी पुढं नेणारा एक माणूस मला माहीत होता.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, आधी चालवून दाखवा. ताडकळसच्या रस्त्यानं निघालो, दोघंच. गावाबाहेर पडल्यावर जावयांनी पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. खोटं कशाला बोलू दादा, छातीत गुदगुल्या झाल्या. शाळेत एखाद्या कवितेची चाल अचानक जिभेवर बसायची ना, पुढच्या ओळी आपोआप ओढून नेणारी, तसं वाटलं. मग सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, करकचून ब्रेक. पुढं शेळ्या. पुढं गतिरोधक, तोही रंग उडालेला. चौथ्यांदा ब्रेक दाबला तेव्हा जावयांचा पाय नेहमीपेक्षा खोल गेलेला मला दिसला. "जरासं मऊ वाटायलंय," ते म्हणाले आणि हसले. मी म्हणालो, पुढं चहाचं हॉटेल आहे, तिथं थांबवा.

ते चहा सांगायला गेले. मी उतरलो आणि काही न ठरवता खाली वाकलो. माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली, मग मागच्या चाकाजवळ. गरम होती, पण सोसण्यासारखी. चहावाला बघत होता. "काय काका, ताप बघायलाव का गाडीचा? थर्मामीटर देऊ का?"

हात पालथा लावायला मला तुम्ही शिकवलंत. इंजिन शेडच्या दारात, मी भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन म्हणून लागलो त्या आठवड्यात. गाडी थांबली की ड्रायव्हरनं आणि फायरमननं खाली उतरून इंजिनाची आणि त्यामागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरची चाकं तपासायची. आसाचं टोक तेलात फिरतं ती लोखंडी पेटी, आपण तिला ॲक्सल बॉक्स म्हणायचो, ती तापलेली नाही ना, हे हातानं बघायचं. मी तळवा लावायला गेलो तर तुम्ही मनगटावर चापट मारलीत. "पालथा! तळवा पोळला तर फावडं कशानं धरशील, माझ्या डोक्यानं?" सगळी शेड हसली होती.

आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तो दिवस. तुम्हाला तो माहीत आहे, पण माझ्याकडून तुम्ही तो कधी ऐकला नाहीत. तुमचा नेहमीचा फायरमन तापानं पडला आणि त्याच्या जागी मला पाठवलं. बाप ड्रायव्हर, लेक फायरमन, एकाच इंजिनावर; दोघांच्या नोकरीत मिळून तेवढी एकच फेरी. हिंगोलीकडून मालगाडी घेऊन येतोय. थंडीचे दिवस आहेत, पुढून धग आणि पाठीला गारवा. मी कोळसा टाकतोय, तुम्ही खिडकीत बाहेर डोकं काढून. चढ संपतो, इंजिन मोकळं पळायला लागतं, आणि तुम्ही मागं न बघता ओरडता, "म्हण की रं एखादी!" चौथीपर्यंत शिकलेले तुम्ही. पण दरवर्षी माझ्या मराठीच्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर तुम्हीच घालायचात, आणि पाठ केलेली प्रत्येक कविता आधी तुम्हाला म्हणून दाखवावी लागायची, मग मास्तरांना. मी आठवीतली एक धरतो. इंजिनाचा ठेका तिला असा बसतो की जणू तिच्यासाठीच चाकं केली. शेवटच्या कडव्यात मात्र अडकतो. एक ओळच येत नाही. "मास्तर," तुम्ही हसता, "शेवट कुटं सांडला?"

एका लहानशा स्टेशनावर पाण्याला थांबलो. तुम्ही म्हणालात, "हिकडची बाजू मी बघतो, तिकडची तू बघ." मी पलीकडं उतरलो. समोर ज्वारी हुरड्याला आलेली, कणसांवर पाखरं. मी टेंडरला पाठ लावून उभा राहिलो आणि ती ओळ शोधत राहिलो. पहिला शब्द यायचा आणि निसटायचा. किती वेळ गेला मला माहीत नाही. शिट्टी झाली आणि त्याच क्षणी ओळ सापडली, पूर्ण, जशी पुस्तकात होती तशी. मी पळत वर चढलो. "थंड हाय का?" तुम्ही विचारलंत. "थंड हाय, दादा!" मी म्हणालो, आणि त्याच दमात ती ओळ तुम्हाला म्हणून दाखवली. तुम्ही "वा!" म्हणालात आणि गाडी सोडलीत.

पुढच्या स्टेशनाच्या अलीकडं माझ्या बाजूनं धूर निघाला. पेटीतलं तेल जळून गेलेलं, आसाचं टोक घासून निळं पडलेलं. अख्खी दुपार गाडी रानात उभी. कुणाला खरचटलंही नाही, हे खरं. खाली उतरून तुम्ही मला एकदाच विचारलंत, हळू आवाजात, "हात लावला होतास ना?" मी म्हणालो, "व्हय."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आपण जेवायला बसलो होतो. आई भाकरी वाढत होती. तुम्ही माझा उजवा हात धरलात, पालथा केलात आणि चुलीच्या उजेडाकडं नेऊन बघितलात. तेलाचा डाग नाही, पोळल्याचा चट्टा नाही. गाडी पाण्याला थांबली तेव्हाच ती पेटी तापलेली असणार. हात लागला असता तर कातडीवर खूण उरलीच असती. हे मला तेव्हा कळलं नाही. तुम्हाला कळलं. आईनं विचारलं, "काय बघायलाव त्याच्या हातात?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. लेखणीचा हात हाय ह्याचा." मग हात सोडलात आणि म्हणालात, "जेव."

चौकशीत तुम्ही सांगितलंत, दोन्ही बाजू मीच बघितल्या, पोराला मी खाली उतरूच दिलं नाही. माझी नोकरी पक्की झाली. तुम्हाला लाइनीवरून काढून यार्डात शंटिंगला टाकलं. उरलेली सगळी वर्षं तुम्ही डबे या रुळावरून त्या रुळावर ढकलत काढलीत, स्टेशनाच्या पुढं कधी गेला नाहीत. मी गाडी घेऊन यार्डाजवळून जायचो तेव्हा तुम्ही हात वर करायचात. मी शिट्टी द्यायचो. मला वाटायचं, आता घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर तुम्ही विचारायचात, काय नवीन वाचलंस. मी काहीतरी सांगायचो, पण कविता म्हणून दाखवायला तोंड उघडायचं नाही, आणि तुम्हीही पुन्हा कधी 'म्हण की' म्हणाला नाहीत. तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात रात्रंदिवस तुमच्या खाटेशी होतो. तेव्हाही सांगितलं नाही.

तेव्हापासून कुणी साधं 'बघितलं का' विचारलं तरी तुमचा आवाज येतो. लेक फोनवर म्हणते, बाबा, गॅस बंद केला का? मी केलेला असतो. तरी उठून जातो आणि शेगडीला हात लावतो, पालथा. कधी कधी त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात वाटतं, कुणीतरी मागून माझा हात धरून उजेडाकडं नेतंय. वळून बघत नाही.

तर त्या चहाच्या हॉटेलासमोर माझ्या बाजूची दोन चाकं बघून झाली होती. पलीकडं जायचं म्हणजे गाडीला वळसा, चार पावलं. मी उभाच राहिलो. जावई दोन ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, "मामा, चारी बघितली ना?"

'व्हय' ओठांवर आलं होतं. तसंच, तेवढंच सोपं.

"न्हाई," मी म्हणालो. "दोनच बघितली. पलीकडची न्हाई बघितली." माझा आवाज इतका चढला की चहावाला चपापला. "माझा गुडघा दुखायलाय. तुमी जाऊन बघा. हात पालथा लावा."

ते हसत गेले, वाकले, आणि "आई गं!" करून मागं सरले. पुढचं चाक भट्टीसारखं तापलेलं. ब्रेक आतल्या आत धरून बसला होता, सुटतच नव्हता. जावयांच्या बोटांच्या मागं लाल चट्टा उठला. त्यांना जाऊन, वाकून, कळायला किती वेळ लागला सांगू? चहावाल्यानं एक ग्लास विसळून उपडा ठेवला, तेवढा. दादा, तेवढाच.

चाक निवेपर्यंत तिथंच बसलो आणि मग बैलगाडीच्या चालीनं परत आलो. लेकीनं चट्टा बघितला आणि हळद लावली. मी यादी कागदावर उतरवून घेतली आणि पेन्सिल धरली. लहान पुली, रुंद पाइप, मागची पट्टी, तिन्हींवर काट मारली. तळाचे ब्रेक वर नेले: नवे पॅड, नव्या चकत्या, नळ्या, आणि आतलं जुनं ऑइल काढून नवं, कारण ते तापून उकळलं की पाय खोल जातो आणि ब्रेक लागत नाही. त्याखाली चांगले टायर. मग हवा थंड करणारी जाळी, कारण आपल्याकडचा उन्हाळा आणि हे यंत्र दोघं मिळून इंजिन शिजवतील. पेट्रोलचा पंप आधी तपासायचा, पुरत नसेल तरच बदलायचा. हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जळतो. क्लच घसरायला लागेपर्यंत आहे तोच.

"मामा, तेवढी पुली तरी राहू द्या."

"घ्या की पुली," लेक म्हणाली. "अन् तुमी एकलेच जावा तिरुपतीला, केस द्यायला. मी अन् पोरगी रेल्वेनं येताव."

जावयांनी कागद खिशात घातला. निघताना लेकीनं मला विचारलं, "मग बाबा, बसू का न्हाई गाडीत?" मी म्हणालो, आज मेकॅनिक बोलावून इथंच ब्रेक सोडवून घ्या, तोपर्यंत गाडी हलवायची नाही. बाकीचं काम झालं की पुन्हा घेऊन या. चारी चाकं मी स्वतः बघीन, मग सांगीन. ती बरं म्हणाली. माझ्यावर भरवसा ठेवणं तिला इतकं सोपं जातं की मला तिच्याकडं बघवत नाही.

हे कागद कुठल्या पेटीत टाकावे, मला माहीत नाही. घडी करून ठेवीन. तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं ते 'न्हाई बघितली' मी रस्त्यावर, जावयासमोर म्हणालो. तुमचा हिशेब त्यानं फिटत नाही, तेवढं कळतं मला.

आणि एक सांगायचं राहिलं. लेकीनं सोमवारीच परभणीला हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली, गुरुवारी सकाळची. रोज संध्याकाळी फोन करून विचारते, बाबा, तेल चोळलं का गुडघ्याला? मी चोळतो. गुडघा माझा ठणठणीत आहे, दादा. त्या बाजूला जायला मला भीती वाटली, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.