दाते नसलेलं तिकीट

७ जानेवारी, रविवार
यंदाचा संकल्प: कोणाशीही वाद नाही.
लहानपणीच्या वहीत पहिल्याच पानावर तपकिरी पोस्टाचं तिकीट सापडलं. चारही कडा सरळ, दाते नाहीत! छापखान्यात भोकं पाडायची राहून गेलेलं एखादं शीट कधीतरी बाहेर पडतं, त्यातलं असणार. दातेवालं पोतंभर मिळेल, असं एखाद्याकडेच. पुढची पानं चिकटलीत. असोत.
मी पाइपवर टिचकी मारून त्याची जाडी सांगतो. हार्डवेअरचं दुकान शून्यातून उभं केलं ते याच कानांवर. मला कोण फसवणार?

१४ जानेवारी
तिकिटं जमवणाऱ्यांच्या आमच्या क्लबात तिकीट दाखवलं. घड्याळजीने भिंगातून बराच वेळ पाहिलं. घड्याळं दुरुस्त करतो, तीस वर्षांपासूनचा दोस्त. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, दातेवालं साधं तिकीट यावर ठेवून बघ. खरं असेल तर हे मोठं भरेल. लहान भरलं तर कोणीतरी दाते कापलेत."
मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तू जळतोस. हा वाद नव्हे, खुलासा.

१६ जानेवारी
मोजून बघायची गरजच नाही. शिवाय जुना कागद आकसतो.
बायको म्हणाली, मोजलं नाहीत तर आकसल्याचं कळलं कसं? तिला या छंदातलं काही कळत नाही.

१९ जानेवारी
थोरली ताई आली होती. तिकीट बघून हसत सुटली. म्हणे, लहानपणी तुला वेडीवाकडी कड दिसली की आईची कात्री घेऊन बसायचास. माझ्या फ्रॉकची झालरसुद्धा सोडली नाहीस.
नीटनेटकेपणा माझ्या अंगातच आहे. मुद्दाम शिकावा लागला नाही.

२१ जानेवारी
प्रदर्शनासाठी नाव दिलं. घड्याळजी पुन्हा तेच म्हणाला, आधी मोज, चारचौघांत शोभा होईल. तेव्हा मी विचारलं, इतकी वर्षं सगळ्यांची तिकिटं भिंगाखाली घेतोस, त्यातली किती बदललीस?
त्याने भिंग फडक्यात गुंडाळलं, खिशात घातलं, गेला. बाकीचे खाली बघत होते. गप्प बसला म्हणजे कबूलच केलं की.

२८ जानेवारी
घड्याळजी आला नाही. त्याच्या खुर्चीवर कोणीतरी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलाय. चहा पांचट. क्लबाचा दर्जा घसरत चाललाय.

३ फेब्रुवारी
प्रदर्शन. परीक्षक बाईंनी एक साधं तिकीट काढून माझ्या तिकिटावर ठेवलं. माझं दिसेनासं झालं. साध्याचे दाते चारही बाजूंनी बाहेर.
त्या म्हणाल्या, "कात्रीचं काम आहे. लहान मुलाचा हात दिसतो. या कोपऱ्यात थरथरलाय."
घरी आल्यावर वहीची चिकटलेली पानं वाफेवर सोडवली. अकरा पानं. एकाही तिकिटाला दाते नाहीत.

५ फेब्रुवारी, रात्री दहा
घड्याळजीच्या दुकानात गेलो. माफीसाठी नव्हे. घड्याळ बंद पडलंय, असं सांगितलं. माफीचं ओघात निघालं असतं.
त्याने घड्याळ कानाला लावलं. भिंग लावायचीसुद्धा गरज पडली नाही. बाहेर ओढलेली चावी अंगठ्याने आत दाबली, काटा सुरू झाला.
"याला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "मुद्दाम बंद केलेलं आहे. आणखी काही काम होतं का तुमचं?"
तुमचं, म्हणाला. मी नाही म्हटलं. मागे एक बाई बिघडलेलं गजराचं घड्याळ घेऊन उभी होती, तिला जागा दिली.
घड्याळ तेव्हापासून अचूक चालतंय.