फ्रीजमधलं हिरवं वाटण

माय, तुझ्या सुनेनं तुला विष घातलं नव्हतं. हे तुला मनापासून पटलं होतं की नाही, याचा मला आजही संशय आहे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता. एसटी बंद, त्यामुळं पालमहून आलेली तू परभणीत आमच्याकडं अडकलेली. माणूस माणसाकडं संशयानं बघायचा. आपल्या घराला त्यासाठी एक डबा पुरला. शाळेत शिकवायला जायची घाई म्हणून तुझी सून रविवारीच आठवड्याचं आलं-लसूण मिक्सरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवायची. तू झाकण उघडतेस, तर वाटण हिरवंनिळं. बोटानं चाखतेस, थुंकतेस. "कडू जहर! मोरचूद कालवायलीय ही." पिकावर फवारायचा विषारी, निळा मोरचूद तू रंगावरून ओळखायचीस. "आत्याबाई, मोरचूद तुमच्या शेतात असतो. आमच्या माहेरी, पिंगळीत, माणसं जेवतेत," ती म्हणाली आणि ट्रंक भरायला बसली. "एसटी सुरू झाली की हिला तरी धाड, न्हाईतर मला," तू मला बजावलंस.

मी शेजारी राहणाऱ्या, कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडं पळालो. ते म्हणाले, लसणाच्या पाकळीत वेगवेगळे कोंडलेले रस ठेचल्यावर एकमेकांत मिसळतात, वर हवा लागते. मग चव बदलतच जाते, आधी झणझणीत, नंतर कडवट. कधी कधी वाटण हिरवंही पडतं. फ्रीजमध्ये हे मंदावतं, थांबत नाही. घरी येऊन सांगितलं, तर तू विचारलंस, "आपल्या घरी त्याला चहा कुणी पाजला? हिनंच ना?"

शेवटी तू स्वतः खलबत्त्यात आलं-लसूण कुटलंस, फ्रीजमध्ये ठेवून कुलूप घातलंस, किल्ली पदराला बांधलीस. आम्ही कोमट पाणी पीत बसलो. कुलूप उघडलं तेव्हा तुझंही वाटण हिरवं. "आत्याबाई, कुणाला मारायचा बेत हाय?" ती म्हणाली. तू हसली नाहीस, चूकही कबूल केली नाहीस. किल्ली सोडून तिच्या हातात ठेवलीस. "लय भूक लागलीय. वाढ."

तू देवाघरी गेल्यापासून ती रोज ताजं वाटते. शाळेची घाई तीच, मिक्सर तोच, तरी डबा पुन्हा भरला नाही. तुझ्या आठवणीनं की त्या आरोपाच्या, हे मी विचारलेलं नाही. पेपरात तिरकस लिहून गावभर मिरवणारा मी, बायकोच्या एका उत्तराला भितो. हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकतो.