माझा म्हणून ओरडायचं

४ फेब्रुवारी

आज पण बाकावर. सलग नववा सामना. नव्वद मिनिटं ग्लोव्हज घालून बसायचं आणि मनात म्हणायचं, मी पण गोलकीपर आहे! हात नुसते घामानं उकडले.

ताईनं तीन गोल वाचवले. सगळ्या तिच्या अंगावर पडल्या. मी टाळ्या वाजवल्या. ग्लोव्हजनी वाजवल्या की आवाज येत नाही. बरं असतं.

६ फेब्रुवारी

आई म्हणते, ताईचे उपकार विसरू नको. विसरू कशी? रोज समोरच्या पलंगावर असते ना! तिनंच क्लबला सांगितलं — मावसबहीण आहे माझी, नववीत शाळा सोडून घरी बसलीय, हात चांगले आहेत, दुसरी गोलकीपर म्हणून घ्या. घेतलं. परक्या देशात आणलं, तिच्याच खोलीत पलंग दिला. तिचे जुने ग्लोव्हज दिले. त्यांची बोटं अर्धं पेर मोठी आहेत.

९ फेब्रुवारी

सरावात उंच बॉल आला. अशा वेळी गोलकीपरनं ओरडायचं असतं — माझा! म्हणजे मागच्या फळीतल्या पोरी बाजूला होतात. ताई आपल्या भाषेतच ओरडते. इथल्या पोरींना आपलं ओ की ठो कळत नाही, पण 'माझा', 'सोड', 'मागे बघ' एवढं तिनं घोटून घेतलंय. मागच्या फळीतली ती उंच पोर, लांबडी म्हणते मी तिला, ती तर जेवताना शेवटचा बटाटा उचलताना पण "माझा!" म्हणते. सगळ्या खिदळतात.

आज मी ओरडले. म्हणजे मला वाटलं, ओरडले. लांबडी वळली — आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ताईकडे बघायला लागली! बॉल आम्हा दोघींच्या मधून आत.

कोच बाई म्हणाल्या, "हात आहेत तुला. आवाज कुठाय?"

शब्द पण तिचाच झाला. शब्द!!

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. "सामना बघितला गं! काय उडी मारली ताईनं, काळजाचा ठोका चुकला माझ्या."

मी विचारलं, मी दिसले का.

"दिसलीस की. बाटली देताना." आणि लगेच, "जेवतेस ना नीट?"

१६ फेब्रुवारी

जळतेय मी. लिहून टाकलं. कोण वाचणारे.

२२ फेब्रुवारी

ताईनं चहा कपाच्या बाहेर ओतला. "कप हलवलास काय गं?" मी हात पण लावला नव्हता!

मग मैदानावर. सामन्याआधी तिला बॉल मारून गरम करायचं, हे माझं काम. डावीकडचे ती उशिरा धरत होती. मी मुद्दाम पाच डावीकडे मारले. तीन सुटले. ती हसली — "काय गं, सासू झालीस काय माझी आज?"

मी पण हसले. पण बरं वाटत होतं मला. खरंच बरं वाटत होतं.

सामना जिंकली तरी. नशीबच असतं एकेकीचं.

२५ फेब्रुवारी

तिला विचारलंच. आधी म्हणाली काही नाही. मग म्हणाली, "डाव्या डोळ्यासमोर काळी माशी फिरते गं सारखी. थकवा असेल. कोचला बोलू नको हं. करार व्हायचाय अजून."

करार! पुढच्या वर्षी क्लब बाहेरच्या देशातली एकच गोलकीपर ठेवणार आहे. दोघींपैकी कोण, ते सांगायला कोच कशाला पाहिजे.

मी म्हटलं, नाही बोलणार. ती म्हणाली, "तू कुणाशी बोलतेस म्हणून!" आणि माझा गाल ओढला. एवढ्या वर्षांनी पण गाल ओढते!

१ मार्च

एकच.

४ मार्च

सांगितलं.

इथल्या भाषेत चार शब्द जुळवले. संडासात उभं राहून दहा वेळा पुटपुटले. कोच बाई सामानाच्या खोलीत बॉलमध्ये हवा भरत होत्या. मी दारात उभी. त्यांना वाटलं, नेहमीसारखी काहीतरी घ्यायला आलेय, त्यांनी पंप पुढे केला. मी म्हटलं — ताई. डोळा. डावा. दिसत नाही.

त्यांनी परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं आलं.

काळजी वगैरे काही नव्हती मनात. इथं तरी खोटं कशाला लिहू. मला तिची जागा पाहिजे होती.

५ मार्च

ताईला सकाळीच दवाखान्यात नेलं. तिनं मला विचारलं, "कुणी सांगितलं असेल गं?" मी बुटाची नाडी बांधत होते. बांधतच राहिले.

८ मार्च

खेळले!!

पहिली वीस मिनिटं मी गोलरेषा सोडलीच नाही. मग कॉर्नर आला, उंच. मी ओरडले — माझा! लांबडी बाजूला झाली. वळून कुणाकडे बघितलं नाही. बॉल पोटाशी धरून पडले आणि उठावंसंच वाटेना.

एक-शून्य. सगळ्या माझ्या अंगावर. लांबडीच्या कोपरानं ओठ फुटला, तरी चालेल. कोच बाई म्हणाल्या, "अखेर सापडला की आवाज!"

आईला फोन लावला. तीन वेळा. ती मावशीशी बोलत होती. ताईचं ऑपरेशन होतं ना आज.

१० मार्च

खोलीत एकटीच. तिचा पलंग तसाच पडलाय. चादर मी नीट केली, परत विसकटली.

१२ मार्च

ताई आली, डोळ्यावर पट्टी. डोळ्याचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक फटका बसला असता तर डोळाच गेला असता.

कोच बाईंनी तिला माझं नाव सांगून टाकलंय.

तिनं माझे दोन्ही हात धरले. "दुकानात पाव मागायचा तर बोट दाखवतेस तू. आणि माझ्यासाठी बोललीस!" घरी सगळ्यांना सांगितलंय तिनं. आई फोनवर रडली म्हणे — माझी पोर गं, माझी पोर.

मी म्हटलं, "मग? बहीण आहेस ना."

लगेच आलं तोंडातून. चाचरले पण नाही.