कपाळाला दोन कोट

३ मार्च, सोमवार, सकाळी
आजपासून चेहऱ्याला लावायचं सिरम हा विषय हातात घेतला.

पार्श्वभूमी : कन्येच्या कपाळावर गेले काही महिने पिंपल्स आहेत. ती त्यांच्यावर केस ओढून हिंडते. आता कॉलेजच्या नाटकात तिला न्यायाधीशाची भूमिका मिळाली आहे. मुख्य. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की न्यायाधीश केस मागे घट्ट बांधणार, कपाळ मोकळं हवं. काल जेवताना कन्या म्हणाली, मी भूमिका सोडते. मी हातातला घास खाली ठेवून जाहीर केलं की कुणी काही सोडायचं नाही. प्रयोग २९ तारखेला आहे, तोवर कपाळ आरशासारखं करून देतो. सौ.ने विचारलं, कसं? म्हटलं, अभ्यासाने. ती वरण वाढायला निघून गेली.

रंगाच्या दुकानात वीस वर्षं शेड बनवतोय. कोर्स एकही केलेला नाही, सगळं बघून, वाचून आणि चुकून शिकलो. पृष्ठभाग तो पृष्ठभाग. भिंत काय नि कपाळ काय, पापुद्रे दोन्हीकडे निघतात.

४ मार्च
मेडिकलवाल्याकडून पाच सिरम आणली. भिंग घेऊन बसलो. घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असा नियम असतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं (काल वाचलं). पहिल्या बाटलीत पहिलं नाव : पाणी. दुसऱ्या बाटलीत : पाणी. पाचही बाटल्यांत पाणी. आणि ज्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या नावाने बाटली विकतात ते शेवटून तिसरं, अंग चोरून बसलेलं.

मेडिकलवाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, काका, ते असतंच दोन टक्के, वर कसं येईल? आणि वर आलं तर कपाळ राहील का? त्याला म्हटलं, बघू. हे खरं की रंगाच्या डब्यातही गडद शेडला काही थेंब पुरतात. पण तो विषय वेगळा.

५ मार्च
मोठा शोध. सिरम नंबर तीनमध्ये कोको बटर. सगळीकडे लिहिलंय की त्याने बऱ्याच जणांच्या त्वचेची छिद्रं बुजतात आणि पिंपल्स वाढतात. लाल पेनाने गोल केला. मुरुमांच्या कपाळासाठी म्हणून बाटली विकायची आणि आत हे घालायचं? ज्याने घातलं त्याला समोर उभं करून विचारलं पाहिजे की बाबा रे, तुला मुलगी आहे का.

बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहिलं : नापास.

९ मार्च, रविवार
कन्येच्या डोक्याला मालिश. हा आमचा दर रविवारचा कार्यक्रम. तेल दिवाळीपासून माझं स्वतःचं, घरी केलेलं. सहा घटक. फॉर्म्युला कुणालाही सांगत नाही. दाट, सोनेरी, चमच्यावरून खाली पडण्याआधी थोडा विचार करणारं. सौ.च्या मते त्यात तिची चांगली कढई कायमची गेली.

कन्या स्टुलावर बसते आणि बोलत राहते. एरवी दाराआडून हो-नाही एवढंच ऐकू येतं. आज नाटकातले संवाद म्हणून दाखवले. मग हळूच म्हणाली, सगळे कपाळाकडेच बघतील ना बाबा? म्हटलं, बघू देत, बघण्यासारखं करूनच देणार आहे. तेल ओघळून कपाळावर आलं, तेही तिथेच जिरवलं. चांगला माल वाया का घालवायचा?

सिरम नंबर चार माझ्या परीक्षेत पास. कन्येला दिलं, रोज लाव म्हटलं. ती हो म्हणाली. बाकीच्यांची चाचणी माझ्या स्वतःच्या कपाळावर. गिऱ्हाइकाच्या पूर्ण भिंतीवर हात मारण्याआधी आपण कोपऱ्यात नमुना लावतो, तसंच. पेन्सिलीने चार चौकोन आखले. टक्कल पडल्याचा प्रथमच फायदा झाला, जागा भरपूर आहे.

११ मार्च
चौकोन दोन लाल. म्हणजे औषध काम करतंय. चौकोन एकमध्ये काहीच नाही, म्हणजे नुसतं पाणी.

पद्धत सुधारली. आधी नायसिनमाइड, हा प्रायमर. वाळू द्यायचं. मग सॅलिसिलिक, पहिला कोट. त्यावर रेटिनॉल, दुसरा कोट. मधे स्क्रबने हलकं घासून घ्यायचं, कोट नीट बसतो. सौ.ने दारातून विचारलं, अहो, पॉलिश पेपर आणून देऊ का? तिच्या बोलण्यातला टोमणा कळतो. पॉलिश पेपरचा विचार मी आधीच करून सोडून दिला होता.

१४ मार्च
पापुद्रे निघू लागले. उत्तम. जुना थर निघाल्याशिवाय नवा चढत नाही.

दुकानात एक बाई हॉलसाठी शेड बघत होत्या. कार्डावर काही पसंत पडेना. शेवटी माझ्या कपाळाकडे बोट करून म्हणाल्या, असा नको, एवढं सांगते. मालकांनी मला काही दिवस मागे मशीनवर बसायला सांगितलं आहे. गेल्या महिन्यात मी कंबर दुखते म्हटलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. मनाचा मोठा माणूस.

१६ मार्च, रविवार
कन्येची दिवसभर तालीम. मालिश नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तेलाची बाटली काढून ठेवली होती, ती परत आत ठेवली.

२० मार्च
विजय. कन्येचं कपाळ स्पष्ट सुधारलं. नवीन पिंपल नाही, जुने बसताहेत. सिरम नंबर चार. जाऊन मेडिकलवाल्याला सांगितलं की निवड कशी करायची ते बघून ठेव. तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, काका, पण तुम्हाला हे काय झालंय? म्हटलं, माझं कपाळ हा स्वतंत्र अभ्यास आहे.

घरी सौ.ला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं हो. आणि फार वेळ भांडी लावत बसली.

२३ मार्च, रविवार
पुन्हा तालीम. वाटेवरच होतं म्हणून कॉलेजवरून गेलो (वाट थोडी वाकडी करावी लागली). फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, रविवारी इथे कुणी नसतं. तालीम बहुधा दुसरीकडे हलवली असेल. हॉल मिळत नाहीत हल्ली.

२५ मार्च, दुपारी
माझ्या कपाळावर पिंपल्स. एक्कावन्नाव्या वर्षी. मोजण्यात अर्थ नाही, एकमेकांत मिसळले आहेत. शिवाय आग होते. अभ्यास तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे चाललोय. पेशंट म्हणून नव्हे. पाचही बाटल्या पिशवीत घेतल्या. चार नंबरची बाथरूमच्या फळीवर होती. सील तसंच आहे. नवीन बाटली आणलेली दिसते. चांगला प्रतिसाद.

२५ मार्च, संध्याकाळी
डॉक्टरीणबाईंनी कागदावर माझं नाव-पत्ता लिहून घेतला, थांबल्या, वर बघितलं.

“तुम्हीच का ते तेलवाले बाबा?”

म्हटलं, कसले तेलवाले? त्या खोकल्या. पाणी प्यायल्या. मग विचारलं की बरं, तुमच्या तेलात काय काय असतं? फॉर्म्युला कुणाला सांगत नाही, पण जाणकार माणूस आणि एवढी उत्सुकता, म्हणून सांगितला. तीळ. एरंडेल. बदाम. आणि दाटपणासाठी कोको

इथे थांबलो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. पंखा फिरत होता.

मग सगळं समजलं. सौ. आणि कन्या १२ तारखेलाच येऊन गेल्या होत्या. तेल बंद करायला सांगितलं, एक साधं मलम दिलं. सिरमची गरज नव्हती. कन्या म्हणाली होती, तेल बंद करते, पण बाबांना कळू देऊ नका, ते फार मनापासून करतात. म्हणून रविवारच्या तालमी.

माझ्यासाठी औषध : सगळं बंद. साधं फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, उन्हात टोपी. विचारलं, प्रायमरपुरतं तरी चालेल का? नाही म्हणाल्या.

घरी काही बोललो नाही. फक्त जेवताना जाहीर केलं की कच्चा माल पूर्वीसारखा मिळत नाही, सबब तेलाचं उत्पादन थांबवत आहे. दोघींनी ताटातून मान वर केली नाही. सौ. म्हणाली, अरेरे. जरा लवकर म्हणाली.

२९ मार्च, शनिवार
प्रयोग झाला. टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसलो. मागच्याने टोपी काढायला सांगितली. काढली. तो म्हणाला, राहू द्या, घाला.

कन्या केस घट्ट मागे बांधून आली. कपाळावर दिवा पडला होता. दोन-तीन पुसट डाग, तेही शोधणाऱ्यालाच दिसतील. मी शोधले. मग पहिलं वाक्य तिने असं टाकलं की शोधायचं विसरलो. तिने निकाल द्यायला सुरुवात केली. सौ.ने माझा हात धरला, तो बहुधा मी उठून काही सांगू नये म्हणून.

३० मार्च, रविवार, सकाळी
चहा घेऊन पेपर उघडला होता. आज तालीम नाही हे मला ठाऊक, तिलाही ठाऊक. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. स्टूल सरकल्याचा आवाज आला. समोर कन्या, हातात फणी.

“तेल नको, बाबा. पण बसू का?”

बसली. कोरडीच मालिश केली. तासभर बोलत होती. पुढच्या नाटकात तिला म्हातारी करायची आहे, सुरकुत्या कशा रंगवायच्या म्हणून विचारत होती. म्हटलं, बघून सांगतो. मग म्हटलं, नको, तुमच्या मेकअपवाल्यालाच विचार. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, ताप वगैरे नाही ना अशा नजरेने.

उरलेलं तेल सौ.ने बाल्कनीच्या दाराच्या बिजागरीला घातलं. ते दार कित्येक वर्षं कुरकुरत होतं. आता हूं की चूं नाही.

नोंद : सहाही घटक उत्तम. पृष्ठभाग चुकला होता.