स्वयंपाकघराच्या पडद्याचं भोक

मी, ग्रिझेल मॅक्केरो, कैलासवासी डंकन मॅक्केरो यांची विधवा, वय त्र्याहत्तर, राहणार ड्रायबर्न, प्रांत ओटागो, आज सकाळी वाडगाभर ओटची लापशी खाऊन, कोणाचाही धाक नसताना, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. शाळेत मी दोनच हिवाळे गेले, तेव्हा अक्षराला हसू नये. डोकं ठिकाणावर आहे. उलट लग्नाच्या दिवशीसुद्धा मी इतकी खुशीत नव्हते.

पहिली गोष्ट. मला पुरल्यावर हे सगळं पाद्रीबुवांनी गावच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचावं. शेजारी आर्चिबाल्ड रेनी यांना पुढच्या बाकावर बसवावं. त्यांना सोयीप्रमाणे कमी ऐकू येतं.

घर, सात गायी आणि लोणी घुसळायचा पिंप मुलगा वॉल्टर याला. वॉल्टर वाईट नाही, ओल्या फडक्यासारखा आहे, कोणीही पिळावं. मी जिवंत असताना त्याने रेनींना शब्द देऊन ठेवलाय की आई गेली की आपला पैदाशीचा घोडा तुमचा. आणि रेनी म्हणे त्याला खच्ची करून नांगराला जुंपणार. वॉल्टर, बाळा, जे तुझं नाही ते देऊ नये.

तो घोडा, नाव बॅरन, जात क्लाइड्सडेल, वय सहा, मी माझी नात एफी हिला देते. लगाम, फिती आणि वसंतातली फेरीसुद्धा तिलाच, म्हणजे आमच्या या दक्षिणेकडच्या मुलखात सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत बॅरनला घेऊन शेतोशेत जायचं आणि लोकांच्या घोड्या त्याला लावून द्यायच्या. डंकन गेल्यापासून दोन वर्षं हे काम तीच करते. पण रेनी पडले जनावरांच्या प्रदर्शन समितीचे अध्यक्ष, आणि फेरीला परवानगी देते ती समितीच. ते घरी येऊन म्हणाले, "वहिनी, पोरीच्या हातात तसला घोडा? अब्रू आहे की नाही घराला?"

एफी म्हणाली, "काका, घोड्याला तर काही लाज वाटत नाही."

यंदापासून तिला फेरी मिळू द्यायची नाही असं समितीने ठरवलंय. म्हणून आता अब्रूबद्दलच लिहिते.

आमच्याकडे पैदाशीचा घोडा अंगणात आला की बायकांनी आत जायचं आणि पडदा ओढायचा. चाळीस वर्षं मी ओढला. पण माझ्या स्वयंपाकघराच्या पडद्याला निखारा उडून बोटभर भोक पडलेलं होतं, अगदी खाली. लोणी घुसळायला बुटक्या स्टुलावर बसलं की डोळा नेमका तिथे यायचा. दिसायचं काय, तर फक्त खूर. हो, मी बघायचे. पाद्रीबुवा, लिहून घ्या. लोणी मात्र कधी बिघडलं नाही.

१८६८ साली रेनींचा पैदाशीचा घोडा लॉर्ड किनॉक फेरीवर आला. त्याचे खूर काळेभोर, ताटाएवढे. पुढच्या वसंतात "तोच" लॉर्ड पुन्हा आला. बाहेर पुरुषमंडळी मान बघतायत, फिती बघतायत, चार पांढरे पाय बघतायत. रेनी म्हणतायत, "काय डंकन, चमकतोय की नाही माझा लॉर्ड?"

"चमकतोय बुवा," आमचे हे म्हणाले.

आणि भोकातून मला दिसतायत ते खूर लहान, पिवळट, चिरा गेलेले. ओल्या गवतावर घोड्याच्या पायांमागे खडूचं पांढरं पाणी सांडतंय! खरा लॉर्ड हिवाळ्यातच मेला होता. फेरी बुडू नये म्हणून भलताच घोडा रंगवून फिरवला.

मी ओरडले का? नाही. ओरडले असते तर पहिला प्रश्न आला असता, "वहिनी, तुम्हाला कसं दिसलं?" माझी अब्रू वाचवली आणि आमच्या तीन घोड्या त्याच्यापुढे जाऊ दिल्या. हा माझा गुन्हा.

शिंगरं मोठी झाली आणि आमच्या दगडाळ रानात सगळ्यांचे खूर फुटले. दोन हंगाम नांगर उभा. शेवटी ओढ्याकाठचा सपाट तुकडा विकला. कोणाला? रेनींना. वर ते म्हणाले, "डंकन, तुझ्या गवतातच दम नाही." माझा नवरा मरेपर्यंत आपल्या गवताला दोष देत राहिला. जमीन मी माफ केली असती. ते गवताचं वाक्य नाही.

पुरावा हवा? दोन्ही वर्षी त्या घोड्यांचा एकेक नाल आमच्या अंगणात गळून पडला. दोन्हींवर रेनींची खूण आणि साल ठोकलेलं आहे. मी ते गोठ्याच्या दारावर शेजारी शेजारी मारले. पंचवीस वर्षं रेनी त्यांच्याखालून येतायत. एकदा म्हणाले, "नाल शुभ असतो हं, वहिनी."

"हो भाऊजी," मी म्हटलं, "वाट बघतेय."

एका वर्षात कोणत्या घोड्याचा खूर चार बोटं आखडतो? ते दोन्ही नाल मी हॉलला देते. समितीच्या टेबलामागच्या भिंतीवर मारावेत. एफीची फेरी अडवायला हात वर करणाऱ्याने आधी तो हात दोन्हींवर ठेवून माप घ्यावं.

आणि भोकाचा पडदा रेनींना.

आता साक्षीदार. आज रेनींनाच चहाला बोलावलंय. घोडा आपल्याला मिळणार या आशेने ते येतील आणि माझं डोकं शाबूत असल्याचं खुशीने लिहून देतील, म्हणजे उद्या म्हातारीला वेड लागलं होतं म्हणायची सोय नाही. वाचणार नाहीत. चष्मा ते फक्त घोड्याचे दात बघायला लावतात. पण वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. अरेरे, मग पडदासुद्धा गेला! तोही एफीला. त्याच्या फिती फाड, पोरी, बॅरनच्या आयाळीत गुंफ, आणि पहिल्या दिवशी रेनींच्या फाटकावरून सावकाश जा.

ड्रायबर्न, मंगळवार, १४ ऑगस्ट १८९४
ग्रिझेल मॅक्केरो

साक्षीदार:
१. श्रीमती मॅक्केरो यांची बुद्धी माझ्यासमक्ष पूर्ण शाबूत असून इतकी समजूतदार बाई या खोऱ्यात दुसरी नाही. — आर्चिबाल्ड रेनी, अध्यक्ष, प्रदर्शन समिती
२. थॉमस गिलरूथ, लोहार. मी वाचून सही केली.