दुसऱ्या ओळीतला शब्द

प्रिय चिंगे,

तू सांगितलेली तुझ्या लग्नाची चाळीस कार्डं अजून झालेली नाहीत. कागद मिळत नाही, शाई चांगली नाही, डोळे दुखतात, अशी तीन कारणं मी तुला फोनवर दिली आणि तिन्ही खोटी होती. कागद येऊन पंधरा दिवस झाले, शाईच्या दोन बाटल्या जशाच्या तशा भरलेल्या आहेत, आणि डोळ्यांचं म्हणशील तर समोरच्या इमारतीवरची दातांच्या डॉक्टरची पाटी मी परवाच खिडकीतून वाचून दाखवली. तुझी आई म्हणाली, यांना लांबचं दिसतं, फक्त समोरचं दिसत नाही. कार्डं अडली आहेत ती तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपाशी. खाली फक्त बाबांचं नाव घालायचं, आईचं नको, असं तू लिहिलं आहेस. मी कच्च्या कागदावर तसं लिहूनही पाहिलं. पण पक्क्या कागदावर हात चालत नाही. तो का चालत नाही ते तुला सांगायचं आहे, आणि एखादी गोष्ट सरळ सांगणं तुझ्या बापाला जन्मात जमलेलं नाही, तेव्हा थोडं सोसून घे.

मला कार्डांचा नाद कसा लागला ते तुला तोंडपाठ आहे. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन उरलेल्या कागदांवर कुणाच्या वाढदिवसाचं, कुणाच्या बढतीचं कार्ड करायचं. आधी सगळी अक्षरं, मग पट्टी लावून सगळ्यांवर एकदम शिरोरेघ. तू लहानपणी म्हणायचीस की बाबा अक्षरं वाळत घालतात. प्रत्येक नव्या कार्डाची एक प्रत तुला, हा आपला करार होता, आणि तू शिकायला बाहेर पडलीस तेव्हाही मी तो टपालानं पाळला. आईला वाटायचं हे भरल्या पोटाचे उद्योग आहेत, तरी पाकिटं घडी करून द्यायची तीच.

सात वर्षांपूर्वी तुझं लग्न पहिल्यांदा ठरलं होतं त्याची एकशे दहा कार्डं मी तीन महिने लिहीत होतो. त्या वेळचं मला एक आठवतं. एका दुपारी तू टेबलापाशी येऊन उभी राहिलीस. एक कार्ड उचललंस, पुन्हा ठेवलंस, आणि विचारलंस की ही आठवडाभर उशिरा पाठवली तर चालतील का. मी मान वरही न करता म्हणालो की फार दिवस पडून राहिलं की कागदाच्या कडा वळतात. तू बरं म्हणालीस आणि गेलीस. मी दुसऱ्याच दिवशी सगळी पेटीत टाकून आलो. लग्नाला बारा दिवस उरले असताना तू नाही म्हणालीस, तेव्हा सगळ्यांनी विचारलं की हिनं आधी का नाही सांगितलं. तू सांगायला आली होतीस. मी कडांचं बोललो.

तेव्हा मला राग आला तो कार्डांसाठी. खरं सांगतो. तुझं काय बिनसलं, तो माणूस तुझ्याशी कसा वागला, हे मी आजतागायत विचारलं नाही. एकशे दहा लोकांना लग्न रद्द झाल्याचं कळवायला मी पुन्हा एकशे दहा कागद लिहिले आणि प्रत्येक कागद लिहिताना तुझ्यावर डूख धरला. तुझी आई मात्र दुसऱ्याच दिवशी अंथरूण-पांघरूण बांधून तुझ्या खोलीवर येऊन राहिली. पंधरा दिवस. परत आल्यावर मला एवढंच म्हणाली की पोरीनं केलं ते बरोबर केलं, आणि याउपर या घरात त्यावर चर्चा नको. ती तुझ्या बाजूची होती, चिंगे. पहिल्या दिवसापासून. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे त्याचाच प्रश्न येणार आहे.

त्या वर्षी मी खटपट करून दुसऱ्या ऑफिसात बदली करून घेतली. तुला सांगितलं की बस सोयीची पडते. खरं कारण असं की जुन्या ऑफिसात चहाच्या वेळी लोक माझ्याकडे बघून गप्प व्हायचे आणि मला ते सोसवत नव्हतं. नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात रोखपाल बाईंनी सहज विचारलं, मुलं किती. मी म्हणालो, एकच मुलगी. का म्हणालो ते मलाही तेव्हा कळलं नाही. दोन म्हटलं असतं तर थोरलीचं, म्हणजे तुझं, लग्न झालं का हा पुढचा प्रश्न आला असता, तो मी टाळला. एकदा बोललो आणि मग ते तसंच चालू राहिलं. त्यांच्यात बसून मी धाकटीचं कौतुक सांगायचो आणि तुझ्या शाळेतल्या गमतीही धाकटीच्या नावावर खपवायचो. भिंतीवर नकाशा उलटा टांगून सगळ्या वर्गाला तो समजावून सांगितलास, तेसुद्धा.

मग धाकटीचं लग्न ठरलं. मजकूर असा होता की पहिल्या ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत 'आमची धाकटी मुलगी', आणि खाली आमची दोघांची नावं. ऐंशी कार्डं अशी झाली. राहिली ती नव्या ऑफिसातली तीस. त्यांना धाकटी म्हणून कसं पाठवणार, तिथे तर मला एकच मुलगी होती. त्या तीस कार्डांवर मी दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'आमची एकुलती एक मुलगी'. कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की ती ओळ आखूड पडत होती म्हणून शब्द बदलला. कार्ड करणारा माणूस असल्या सबबी सहज शोधतो. उरलेल्या ऐंशी कार्डांवर तीच ओळ नीट मधोमध बसली होती. आखूड काही पडत नव्हतं. आईनं आणि धाकटीनं ती ऐंशी पाहिली होती. ही तीस मी घरी कुणी नसताना लिहिली.

दोन्ही कार्डं बाहेरून सारखी, तीच वेल, तीच घडी. गोंधळ नको म्हणून ऑफिसच्या तिसांच्या मागे मी पेन्सिलचा बारीक ठिपका दिला होता. आणि मग, ऐक तुझ्या बापाची अक्कल, पाकिटात घालायच्या आदल्या संध्याकाळी सवयीनं खोडरबर घेऊन बसलो आणि तीसच्या तीस ठिपके पुसून टाकले. माझ्या हातातून पेन्सिलची खूण ठेवून कार्ड बाहेर गेलेलं नाही, ही माझी शेखी. पुसून झाल्यावर काय केलं ते लक्षात आलं. मग एकेक उघडून पुन्हा वेगळी केली, पण एक चुकलं. रोखपाल बाईंना 'धाकटी' गेलं. त्या लग्नात आल्या आणि मला बाजूला घेऊन विचारू लागल्या की थोरली कुठे दिसत नाही ती. आणि त्यांच्या वाटचं 'एकुलती एक' मी आपल्या करारानं, तुझा पत्ता छान वळणदार लिहून, तुला पाठवलं होतं.

लग्नाच्या नऊ दिवस आधी तुझा फोन आला. तू ओरडली नाहीस. तू फक्त विचारलंस की हा मजकूर कुणाचा. चिंगे, तेव्हा खरं बोलायला मला चार शब्द लागले असते. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, मला खुणेनं विचारत होती, कोण, चिंगी का, द्या जरा इकडे. आणि मी तुला म्हणालो, मजकूर आईनं ठरवला, मी काय, फक्त लिहिणारा. तू फोन ठेवलास. आईला मी सांगितलं की चिंगी घाईत होती.

त्या दोन वाक्यांवर चार वर्षं गेली. तू लग्नाला आली नाहीस. धाकटीला काही सांगितलं नाहीस, तिच्या लग्नाचा विचका नको म्हणून. तेवढं शहाणपण तुझ्यात आहे, ते माझ्याकडून आलेलं नाही. आईला मात्र तू एक ओळ पाठवलीस, तुला एकच मुलगी आहे ना, तिचं सगळं छान होऊ दे. तिनं ते कार्ड पाहिलेलंच नव्हतं. तिला वाटलं तू म्हणते आहेस की मी धाकटीचेच लाड केले. मग ती आठवत बसली. कुणाला काय दिलं, कुणाला कधी मारलं, कुणाच्या आजारपणात रजा काढली आणि कुणाच्या नाही. धाकटीला मनगटी घड्याळ दिलं होतं ते तुला लागलं असेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं तसंच दुसरं शोधून तुला पाठवलं. ते पार्सल न उघडता परत आलं तेव्हा दार मीच उघडलं होतं. मी ते तिच्या हातात दिलं आणि पेपर वाचत बसलो. ते घड्याळ ती कपाटात ठेवते आणि बंद पडू नये म्हणून वेळच्या वेळी सेल बदलून आणते.

आणि याहून वाईट गोष्ट सांगायची राहिली आहे. मला हे सगळं आवडायला लागलं होतं. तू आईशी बोलेनाशी झालीस आणि माझ्याशी गोड बोलू लागलीस. दर रविवारी फोन, बाबा, औषध घेतलंत का, बाबा, जास्त चालू नका. बिचारे बाबा, त्यांचं घरात काय चालतं, असं तुझ्या बोलण्यात यायचं आणि मी नुसता हुं करायचो. मी तुला ज्या दुपारी परत पाठवलं ती तू विसरलीस आणि मी लाडका झालो. आई त्या वेळी मुद्दाम बाल्कनीत जाऊन उभी राहायची, म्हणजे आपल्याला मोकळं बोलता यावं. फोन संपला की येऊन विचारायची, आवाज कसा होता. कित्येकदा जिभेवर आलं होतं. दर वेळी वाटलं, आता इतके दिवस गेलेत, आणखी एक रविवार जाऊ दे. असे तिचे दोनशे तरी रविवार मी खाल्ले.

आता काल काय झालं ते सांगतो. तुझ्या लग्नाचं मी तिला सांगितलं होतं, पण कार्डांचं नाही. कच्चा कागद मी टेबलावर विसरलो आणि टेबल पुसताना तिनं तो वाचला. तारीख, तुझं नाव, त्याचं नाव, खाली एकटा मी.  तिनं कागद होता तिथे ठेवून त्यावर पट्टी ठेवली, उडू नये म्हणून. दुपारी मी झोपून उठलो तर ती माझी बारीक कात्री घेऊन बसली होती आणि तिच्यासमोर पांढऱ्या कागदाची कापलेली फुलं होती, माझे कोरे कागद मोजून केलेली, चाळीस. पाकळ्या लहान-मोठ्या झाल्या आहेत, तिच्या बोटांना आता कात्री पेलत नाही. ती म्हणाली, माझं नाव नको तर नको, तिचं बरोबर असेल, पण तिला पत्रानं विचारा, ही फुलं कार्डांवर चिकटवलेली चालतील का, कुणी केली ते सांगायची गरज नाही. हे पत्र तेवढं विचारायला लिहायला घेतलं होतं. आता पेटीत टाकून आलो की तिलाही सगळं सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण आधी तिला सांगितलं असतं तर तिनं हे पत्र जाऊच दिलं नसतं, म्हणाली असती, राहू द्या, माझ्यावरच असू दे, पोर तुमच्याशी तरी बोलते आहे. तर चिंगे, कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं गाळायचं ते नव्यानं ठरवून कळव. माझं गाळलंस तरी कार्डं मीच लिहून देईन.

तुझाच, तुला अजून चालत असेन तर,
बाबा